गॅस लावला, दूध नाही, जीव घाबरा

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की रोज दुपारच्या चहाआधी मी वहीत चार ओळी खरडते आणि त्यावर माझं बरंच निभतं. झालं! या खेपेला टपाल आणि व्हॉट्सअॅप धरून एकोणीस जणांनी त्या चार ओळींचाच पिच्छा पुरवलाय. सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अंक पुरायचा नाही, म्हणून पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावंही मोघमच ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, मी चाळिशीची आहे. मुलगा अकरावीला आल्यापासून आम्ही दोघं लातूरला खोली करून राहतो. त्याचा नीटचा क्लास आहे. मालक गावाकडं शेती बघतात, पंधरा दिवसांतून एकदा येतात. सकाळी साडेसहाला डबा दिला की लेकरू रात्री साडेआठला येतं. तोवर मी आणि चार भिंती. गावात दिवस कसा जायचा कळायचं नाही, इथं घड्याळाकडं बघत बसते. चाचणीचे मार्क मोबाइलवर येतात, ते यायच्या आदल्या दिवसापासूनच माझ्या पोटात गोळा येतो. कुणीतरी म्हणालं डायरी लिहा. जानेवारीत डायरी आणली, रात्री तो अभ्यासाला बसला की लिहायचे. अकरा दिवस लिहिलं, मग सुटलं. आता ती कोरी पानं बघितली की उलट अपराधी वाटतं. आणि लिहिलेलं पोरानं वाचलं तर? रोजची सवय कशी लावू, आणि लिहायचं तरी काय? – लातूरहून एक आई

उत्तर : बाई, पहिलं काम म्हणजे ती छापील तारखांची डायरी किराण्याच्या हिशोबाला लावा. तारीख छापलेलं कोरं पान म्हणजे गैरहजेरीचा शेराच. मी चौतीस वर्षं हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा केल्या आहेत, त्यांचा धाक मला ठाऊक आहे. त्यापेक्षा लेकराच्या वह्यांच्या गठ्ठ्यातली एक दोनशेपानी वही काढून घ्या आणि तारीख आपल्या हातानं घाला. तीन तारखेनंतर एकदम नऊ तारीख आली तरी वहीला काही वाटत नाही.

अकरा दिवसांत सुटलं म्हणून स्वतःला नापास करू नका. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे मोबाइलवर फिरतं, त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली होती आणि ती कधी अंगवळणी पडते ते मोजलं होतं. २०१० साली ते छापून आलं. सरासरी निघाली ६६ दिवसांची. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून कुणाचं फारसं बिघडलं नाही. त्या मंडळींनी केलेली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. प्रत्येकानं नवी सवय रोजच्या जुन्या कामाच्या शेपटीला बांधली होती. न्याहारी झाली की हे, जेवण झालं की ते.

तुम्ही रात्रीची वेळ धरलीत, तिथं गडबड झाली. रात्री अंग दमलेलं, समोर पोरगं अभ्यासाला बसलेलं, आणि तुमचे कान त्याच्या पानांच्या आवाजाकडं. अशा वेळी स्वतःचं काय सुचणार? सकाळचा डबा गेला, भांडी घासून पालथी घातली, हात पुसले, की वही. हात पुसायचं फडकं जिथं टांगता त्याच्याखालीच ती ठेवा. आणि पेन वहीला सुतळीनं बांधा, बँकेत बांधतात तसं. शिकणारं पोर घरात असलं की पेन जागेवर सापडत नाही आणि पेन शोधण्यात लिहायची वेळ निघून जाते. हसू नका. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली आहेत.

आता लिहायचं काय? याचं उत्तर मला माझ्या आईनं दिलं, तेही ती गेल्यावर.

आई केज तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची. शिक्षण चौथी. ती गेल्यावर ट्रंक आवरायला बसलो, तर तळाशी सुतळीनं बांधलेली जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी निघाली. एवढी वर्षं का ठेवली असतील म्हणून सोडून बघितलं. मागच्या बाजूला दुधाचा, वाण्याचा हिशोब, तो तर सगळ्यांच्याच घरी असतो. पण पुढच्या बाजूला, तारखेच्या त्या बोटभर चौकोनात, बारीक अक्षरात ओळी होत्या. २००३ च्या ऑगस्टातला एक चौकोन मी त्या दिवशी किती वेळा वाचला असेन. ‘गॅस लावला. दूध नाही. जीव घाबरा.’ पुढच्या चौकोनात, ‘पाऊस. शेंगदाणे भाजले. जीव बरा.’ मधे काही चौकोनांत नुसता शाईचा ठिपका. त्या ठिपक्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. त्या महिन्यात मी दोनदा गावी जाऊन आले होते. ती काही बोलली नव्हती.

तेव्हापासून माझी वही त्याच बेतानं चालते. आज काय केलं, काय राहिलं, जीव कसा आहे. तीन ओळी. चौथी आली तर येऊ द्यायची. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांना म्हणे लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, आणि तेवढ्यानंही भागलं नाही म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या कापडावरसुद्धा लिहून ठेवलंय. ती आजही गावात जपलेली आहे. तुम्हाला मला एवढी शाई नको. चौकोन पुरे.

फक्त तिसऱ्या ओळीत ‘टेन्शन’ हा शब्द घालायचा नाही. हा माझा हट्ट समजा. टेन्शन म्हणजे पोत्याचं तोंड बांधून ठेवणं, आत ज्वारी आहे की तूर ते कळत नाही. आपल्या बोलीत किती बारीक निवडलेले शब्द आहेत! लेकरू पहिल्यांदा सहलीला गेलं की दिवसभर वाटते ती हुरहूर. ‘तेव्हा दहावीतच क्लास लावला असता तर’ असं मागचं टोचतं ती रुखरुख. उद्या मार्क येणार म्हणून आज पोटात गोळा येतो ती धास्ती. बोलायचंय पण बोलायला माणूस नाही, तो कोंडमारा. रोज तीच कणीक, तोच डबा, तीच खोली, त्याचा येतो तो उबग. या सगळ्यांना एकच औषध चालत नाही. धास्तीला तारीख असते, ती गेली की उतरते. कोंडमाऱ्याला तारीख नसते, त्याला माणूस लागतं.

भावनेला नेमकं नाव दिलं की ती थोडी खाली बसते, हे नुसतं माझं म्हणणं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००७ साली माणसांना रागावलेले, भेदरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी मेंदूची तपासणी केली. चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव ज्यांना निवडायला सांगितलं, त्यांच्या मेंदूतला अमिग्डला नावाचा, भीतीच्या वेळी पेटून उठणारा भाग शांत पडत गेला. चेहरा बघून माणसाचं नुसतं नाव निवडताना तसं झालं नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त जाणवलं ते ‘मी आणि चार भिंती’. पंधरा दिवस वही लिहा आणि तिसऱ्या ओळी तेवढ्या वाचून काढा. ‘कोंडमारा’ जास्त वेळा निघाला, तर वही मिटून खाली उतरा. लातूरच्या त्या भागात तुमच्याच इमारतीत गावाकडून आलेल्या, डबे करणाऱ्या दोन-चार आया निघतीलच. त्याही घड्याळच बघत असतील.

पोरानं वाचलं तर? त्याला एकदा सरळ सांगा, ‘तुझ्या मोबाइलला कुलूप आहे तसं हे माझं कुलूप.’ तरी भरवसा वाटत नसेल तर वही तांदळाच्या डब्यामागं ठेवा. सतरा वर्षांचं पोरगं तांदळाच्या डब्यापर्यंत जात नाही. फारच आतलं काही लिहायचं असेल तर सुट्या कागदावर लिहा आणि लिहून झालं की फाडा. लिहिताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि एवढं ऐका, त्याचे मार्क या वहीत लिहू नका. ७२० पैकी किती पडले ते त्याच्या वहीत राहू द्या.

प्रश्न : मी नांदेडला एमपीएससी करतो. मोबाइलमध्ये अॅपवर डायरी लिहिलेली चालते का, की वहीच पाहिजे? मला रात्री झोप लागत नाही, उद्या काय काय वाचायचं राहिलंय तेच डोक्यात फिरतं.

उत्तर : चालते. पण रात्री डायरीसाठी उघडलेला मोबाइल डायरीवर थांबतो का, ते तुमचं तुम्हाला माहीत. माझा तरी थांबत नाही.

तुमचं दुखणं वेगळं आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला लावलं होतं. निम्म्यांनी दिवसभरात झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढं करायची. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. ज्यांनी यादी जास्त बारकाईनं लिहिली ते आणखी लवकर. हे २०१८ साली प्रसिद्ध झालंय. तेव्हा ‘राज्यशास्त्र वाचायचं’ असं मोघम लिहू नका. कोणतं प्रकरण, किती पानं, किती वाजता ते लिहा, कागद उशाखाली नको, टेबलावर ठेवा आणि दिवा घालवा.

प्रश्न : मी महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो. मुक्काम बीड जिल्हा. धाकट्या भावानं माझ्या वाट्याच्या जमिनीचा बांध कोरून कोरून चार-पाच फूट आत घेतलाय. भावकीत तोंड उघडायची सोय नाही म्हणून दोन वर्षांपासून रोज पहाटे वहीत लिहितो. सात वह्या भरल्या. लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात, माझं उलट डोकं तापतं, बीपी वाढतो. माझं काय चुकतं?

उत्तर : राव, सात वह्या! पत्रासोबत तुम्ही दोन पानांची झेरॉक्स जोडलीत, ती वाचली. अक्षर देखणं आहे, कारकुनी जुनी दिसते. पण एक पान दोन वर्षांपूर्वीचं आणि एक गेल्या महिन्यातलं आहे, हे तुम्ही वर तारीख घातली म्हणून कळलं. मजकूर तोच, क्रमही तोच. आधी वडिलांनी केलेली वाटणी, मग लिंबाचं झाड, मग भावजय काय बोलली ते. ही कैफियत झाली. रोज पहाटे तुम्ही कोर्ट उघडता, स्वतःच वकील होता, स्वतःच निकाल देता आणि उद्याची तारीख लावता. डोकं तापणार नाही तर काय होईल?

लिहून मन मोकळं करण्यावर ज्यांनी सगळ्यात आधी नीट प्रयोग केला ते अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर. १९८६ साली त्यांचा निबंध आला. त्यांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या दुखावणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहून उठल्यावर त्या पोरांना उलट जडच वाटलं होतं. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या, किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्या पोरांपेक्षा कमी झाल्या. आता यातलं चार दिवस हे ध्यानात घ्या. दोन वर्षं नव्हे.

पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लिखाणातले शब्द मोजले. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळं’, ‘आता लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. एके दिवशी ‘मी’, दुसऱ्या दिवशी ‘तो’, ‘ती’, असं ज्यांचं लिखाण हललं, त्यांचीही तब्येत सुधारली. एकाच जागी उभं राहून तेच सांगणाऱ्यांना तेवढं काही मिळालं नाही. तुमच्या दोन्ही पानांत मी ‘कारण’ हा शब्द शोधला. एकदाच सापडला, तोही ‘विनाकारण’ मधला.

तर असं करा. आठवी वही उघडू नका, चार कोरे कागद घ्या. पहिल्या दिवशी फक्त घडलेलं लिहा, साक्षीदाराला कळेल इतकं कोरडं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय वाटलं ते. तिसऱ्या दिवशी तेच सगळं तिऱ्हाइतासारखं, ‘थोरला म्हणाला, धाकटा म्हणाला’ असं. चौथ्या दिवशी धाकट्याच्या तोंडून लिहा, तो ‘मी’ म्हणून बोलतोय असं. हात अडेल. अडला तरी पंधरा मिनिटं बसून राहा. त्याचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, बांध त्यानं कोरला असेलच. पण बांध कुठं होता ते भूमि अभिलेखवाले मोजणी करून सांगतील, त्यांच्याकडं अर्ज करा. तुम्ही तर महसूलचेच, तुम्हाला काय शिकवायचं. वहीत बांध सरकत नाही. आणि बीपी आधी डॉक्टरांना दाखवा, हे कागद नंतर.

प्रश्न : मॅडम, मी औसा तालुक्यात नवीन शिक्षिका आहे. तुम्ही स्वतः लिहायला कधी आणि कशी सुरुवात केली?

उत्तर : टाचणवहीत, पोरी. तुला माहीत आहे, इतरांसाठी सांगते, तासाला काय आणि कसं शिकवायचं ते शिक्षक आधी लिहून काढतात ती वही.

१९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची, तुझ्याच तालुक्यात नोकरीला. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. त्या पहाटेचं मी इथं लिहिणार नाही, ते खूप जणांनी लिहिलंय. माझी गोष्ट त्यानंतरच्या जूनची आहे. आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. मी परिसर अभ्यासाचं टाचण काढलं होतं. घटक पाऊस, उद्दिष्ट अमुक, शैक्षणिक साहित्य तमुक. शिकवायला उभी राहिले आणि खरोखरच पाऊस आला. पत्र्यावर एकदम धडधड सुरू झाली. सगळी पोरं दप्तरं टाकून बाहेर पळाली आणि भर पावसात मैदानात जाऊन उभी राहिली. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. चिखलात उभं राहून सगळी शेडकडं बघत होती, आता पडेल म्हणून.

मी त्यांना आणायला बाहेर गेले असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. टाचणवहीत मात्र त्याच संध्याकाळी खरं लिहिलं होतं. ‘पत्रा वाजला. मुले पळाली. मी त्यांच्या पुढे होते.’

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. साहेबांनी वही चाळली, त्या ओळींखाली लाल रेघ मारली आणि शेरा दिला, ‘विषयास धरून लिहावे.’ मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग घरी येऊन एक वेगळी वही केली. शेजारची म्हातारी दारातून विचारायची, ‘काय लिव्हायलीस गं बाई येवढं?’ मी म्हणायची, टाचण. ती लाल रेघेची वही अजून माझ्याकडं आहे. तू टाचण विषयास धरूनच लिही. वेगळी वही आजच कर, तपासणीची वाट बघू नको.

प्रश्न : रामराम ताई. हिंगोलीकडचा कास्तकार आहे, वय बावन्न, दहावी नापास. हे पत्र पोरीच्या हातून लिहून घेतोय. बायकोनं तुमचं मासिक वाचून दाखवलं, म्हणली लिहीत जा, जरा बरं वाटंल. सोसायटीचं कर्ज हाय, सोयाबीन भिजलं. वही आणली. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘सोयाबीन काढलं, एकरी तीन पोते’. दुसऱ्या दिवशी जे मनात आलं ते लिहिलं, ‘आपण नसलो तर यांचं बरं होईल’. ते बायकोनं वाचलं अन् रडून घर डोक्यावर घेतलं. आता वही कपाटात ठेवलीय. लिहिणं हे बायकांचं काम हाय, आपल्याला जमत न्हाई, असं वाटायलंय.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी त्यावरच्या नंबरला फोन केला, हे वाचकांना सांगितलं पाहिजे. आपण चाळीस मिनिटं बोललो. वहिनींशीही बोलले. पत्र छापायला तुम्ही ‘छापा, दुसऱ्या कुणाला उपयोग व्हईल’ म्हणालात, म्हणून छापते.

त्या दुसऱ्या कुणासाठी आधी हे. ‘आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल’ हे वाक्य कुणाच्याही मनात, तोंडात किंवा वहीत आलं, तर तो विचार आजारी मनाचा असतो आणि त्यावर इलाज आहे. घरच्यांनी ते वाचलं तर गप्प बसू नये, सरळ विचारावं, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. त्या माणसाला एकटं सोडू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना गाठावं. वही लिहा म्हणून सांगणारी मी, पण अशा वेळी वही पुरत नाही. डॉक्टर लागतो, गोळी लागली तर गोळी.

पहिल्या पत्रातल्या बाईंना मी वही तांदळाच्या डब्यामागं ठेवायला सांगितली. तुम्हाला उलट सांगते. ती ओळ फाडू नका, खोडू नका. मंगळवारी वहिनींबरोबर दवाखान्यात जाणार आहात तेव्हा वही सोबत न्या आणि तेच पान डॉक्टरांपुढं ठेवा. तोंडानं सांगायला जड जाईल ते कागद सांगेल. त्या ओळीनं वहिनी रडल्या, पण त्यांना कळलं. वहीनं तिचं काम केलंय.

बायकांचं काम म्हणालात. तुमच्या वडिलांकडं पेरणीची टिपणं असायची ना? माझ्या चुलत्याच्या कोनाड्यात असायची. मृगाला किती पडला, तुरीची टोकण कधी केली, कोणत्या गड्याला किती उचल दिली. ते लिहिणं कुणी बायकी म्हणालं नाही. तुम्ही तसंच लिहा. पाऊस, फवारणी, रोजगाऱ्यांचे पैसे. त्याखाली आभाळाचं लिहितो तसं मनाचं एका शब्दात. उघडीप, ढगाळ, भुरभुर, जे असेल ते. हात वळत नसेल तर मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा. बांधावर बसून दोन वाक्यं बोललात तरी ते लिहिणंच. आणि तीन-चार दिवस लागोपाठ ‘ढगाळ’ निघालं, तर त्याच दिवशी वहिनींना दाखवायचं. फोनवर तुम्ही याला हो म्हणालात, मी ते माझ्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन करीन. हरभऱ्याला ओल पुरली का, ते बघून ठेवा.